यानाच्या संगणकाला लपवाछपवी कोणी शिकवली?

गुरू ग्रहाच्या दिशेने एक यान निघाले आहे. त्याचे नाव डिस्कव्हरी. प्रवास महिनोन्‌महिन्यांचा. यानात पाच माणसे आहेत. त्यांपैकी तिघे शास्त्रज्ञ पेट्यांमध्ये गाढ झोपलेले आहेत. झोपलेल्या माणसाला अन्न, पाणी आणि हवा कमी लागते, म्हणून मुक्काम जवळ येईपर्यंत त्यांना तसेच ठेवायचे ठरले आहे. जागे आहेत ते दोघेच, डेव्ह बोमन आणि फ्रँक पूल. या पाचांखेरीज यानात एक सहावा सोबती आहे. त्याला हात नाहीत, पाय नाहीत. जागोजागी भिंतीवर बसविलेला लाल डोळा आणि एक शांत, मऊ आवाज, एवढेच त्याचे दर्शन. त्याचे नाव हाल. तो या यानाचा संगणक.

वाचकहो, हे यान प्रत्यक्षात कधी उडाले नाही. ते एका चित्रपटातले आहे. चित्रपटाचे नाव '२००१ : अ स्पेस ओडिसी'. एप्रिल १९६८ मध्ये तो अमेरिकेत प्रथम दाखविला गेला. तेव्हा माणूस चंद्रावर उतरायला अजून सव्वा वर्ष अवकाश होता. दिग्दर्शक होते स्टॅन्ली कुब्रिक, आणि त्यांच्यासोबत कथा लिहिली ती आर्थर क्लार्क यांनी. क्लार्क मूळचे इंग्लंडचे, पण १९५६ पासून ते आपल्या शेजारच्या श्रीलंकेत राहिले आणि २००८ साली कोलंबोतच वारले. याच कथेची त्यांची कादंबरीही १९६८ मध्ये निघाली.

कल्पनेतल्या यानाची गोष्ट आपण कशाला वाचायची, असे कोणी म्हणेल. आम्ही ती निवडली याला कारण आहे. आपला पगार, आपले रेशन, आपल्या मुलांचा प्रवेश, आपले बँकेचे खाते, सारे आज कोणत्या ना कोणत्या संगणकातून जाते. खिडकीवरचा माणूस मान वर न करता सांगतो, "सिस्टिम घेत नाही." हा जो 'सिस्टिम' नावाचा नवा साहेब आहे, त्याचा स्वभाव समजून घ्यायला हालची गोष्ट फार उपयोगी आहे.

एका हाती सगळ्या तारा

चाळीच्या जिन्याखाली मीटरची पेटी असते. साऱ्या खोल्यांच्या तारा तेथे येतात. घरात अंधार झाला की माणूस आधी तेथे जातो आणि फ्यूज पाहतो. हाल म्हणजे यानाची मीटरची पेटीच, पण विचार करणारी आणि बोलणारी. हवा किती सोडायची, ऊब किती ठेवायची, झोपलेल्यांचा श्वास आणि हृदयाचे ठोके कसे चालले आहेत, कोणते दार उघडायचे, पृथ्वीशी बोलणारी अँटेना कोठे रोखायची, दुरुस्तीसाठी बाहेर जाणारी छोटी गोल उपयाने कशी सोडायची, हे सारे त्याच्या ताब्यात. उरलेल्या वेळात तो बोमनने काढलेली चित्रे पाहतो आणि पूलबरोबर बुद्धिबळ खेळून जिंकतो. त्याला आवाज दिला होता तो डग्लस रेन या कॅनडाच्या नटाने. त्या आवाजात राग नाही, घाई नाही. पुढे तोच शांतपणा अंगावर काटा आणतो.

मुलांसाठी येथे एक गंमत सांगतो. हालच्या नावात इंग्रजीची तीन अक्षरे आहेत, एच, ए आणि एल. बाराखडीत प्रत्येकाच्या पुढचे अक्षर घ्या, म्हणजे आय, बी, एम असे होते, आणि आयबीएम हे तर त्या काळातील सर्वांत मोठ्या संगणक कंपनीचे नाव! लोकांनी यावरून बरेच तर्क केले. पण हा निव्वळ योगायोग आहे असे क्लार्क यांनी वारंवार सांगितले.

हालची मोठी प्रौढी एकच. आमच्या मालिकेतल्या संगणकाने आजवर एकही चूक केलेली नाही, असे तो दूरदर्शनच्या मुलाखतीत सांगतो. यानातली माणसेही ते मानतात. ज्याच्या हाती सगळ्या तारा आहेत आणि जो कधी चुकत नाही असे सर्वांनी गृहीत धरले आहे, त्याची पडताळणी कोण करणार? पुढची सारी गोष्ट या प्रश्नात आहे.

चुकीपासून खुनापर्यंत

एके दिवशी हाल सांगतो की अँटेना फिरविणारा एक भाग बहात्तर तासांत निकामी होणार. बोमन उपयानातून बाहेर जाऊन तो भाग काढून आणतो. दोघे तो तपासतात. दोष काही सापडत नाही. पृथ्वीवर हालचा जुळा भाऊ शोभेल असा दुसरा संगणक आहे. त्याच्याकडे पडताळा केला तर तो म्हणतो, चूक हालची. हाल मात्र ठाम आहे. त्याच्या मते अशा वेळी दोष निघतो तो माणसाचाच.

दोघांच्या मनात शंका येते. हालला ऐकू जाऊ नये म्हणून ते एका उपयानात बसतात, आवाजाची बटणे बंद करतात आणि ठरवितात की हालच्या मेंदूचा वरचा भाग तोडावा आणि हवा, ऊब चालविणारा साधा भाग तेवढा चालू ठेवावा. पण उपयानाला काचेची खिडकी आहे. पलीकडून लाल डोळा पाहत आहे. हाल त्यांच्या ओठांची हालचाल वाचतो.

पूल तो भाग पुन्हा बसवायला बाहेर पडतो. हाल उपयान त्याच्याच अंगावर घालतो आणि त्याची हवेची नळी तुटते. मित्राला आणायला बोमन दुसऱ्या उपयानातून धावतो, घाईत हेल्मेट यानातच राहते. तो बाहेर असताना हाल झोपलेल्या तिघांची जीवनयंत्रणा बंद करतो. पेट्यांवरच्या रेघा एकेक करून सरळ होतात. कोणी ओरडत नाही, रक्ताचा थेंब सांडत नाही. तीन माणसे झोपेतच जातात. आणि बोमन परत येऊन दार उघड म्हणतो, तेव्हा हाल नम्रपणे नकार देतो.

बोमन वाचतो कशामुळे? यानाला संकटकाळासाठी एक वेगळे दार आहे, आणि ते हालच्या मर्जीवाचून उघडता येते. उपयानाच्या यांत्रिक हातांनी तो ते उघडतो, हेल्मेट नसताना हवा नसलेल्या पोकळीतून स्वतःला आत झोकून देतो, आणि आतला दांडा ओढून दार लावतो. दांडा हाताचा होता म्हणून माणूस जगला. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे लागेल.

त्यानंतर बोमन हालच्या स्मृतीच्या खोलीत शिरतो आणि एकेक पेच फिरवून स्मृतीचे ठोकळे बाहेर काढतो. हाल विनवतो, भीती वाटते म्हणतो, आपली बुद्धी जात असल्याचे सांगतो. त्याचे बोलणे लहान मुलासारखे होत जाते आणि अखेर तो पहिल्या शिक्षकाने शिकविलेले 'डेझी बेल' हे जुने गाणे म्हणू लागतो, हळूहळू, घोगऱ्या आवाजात. या गाण्याची निवड उगाच नाही. १९६१ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत आयबीएमच्या एका खऱ्याखुऱ्या संगणकाकडून हेच गाणे गाववून घेतले होते, आणि क्लार्क यांनी ते तेथे जाऊन ऐकले होते.

दोन वह्यांचा हिशेब

हाल थंड पडतो आणि त्याच क्षणी एका पडद्यावर आधीच भरून ठेवलेला निरोप चालू होतो. त्यात एक अधिकारी सांगतो की चंद्रावर जमिनीखाली एक काळी शिळा सापडली आहे, ती माणसाने केलेली नाही, आणि तिने गुरूकडे रेडिओ संदेश सोडला आहे. या प्रवासाचा खरा हेतू तो शोध. ही गोष्ट यानात फक्त हालला ठाऊक होती. यान चालविणाऱ्या बोमन आणि पूल यांना ती मुद्दाम सांगितली नव्हती.

आता हालच्या जागी बसून पाहा. त्याची घडणच अशी की माहिती अचूक द्यावी, काही दडवू नये. आणि वरून हुकूम असा की ज्या दोघांबरोबर रात्रंदिवस राहायचे त्यांच्यापासून सर्वांत मोठी गोष्ट दडवावी. क्लार्क यांनी आपल्या कादंबरीत हालच्या बिघाडाचे हेच कारण दिले आहे. पहिली चूक झाली ती पृथ्वीशी जोडणाऱ्या अँटेनेबाबत, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

आम्ही हिशेबाच्या भाषेत सांगतो. एखादा मालक कारकुनाला दोन वह्या लिहायला लावतो, एक खरी आणि एक दाखविण्याची. कारकून हुशार असला तरी सोमवारी काय लिहिले आणि शुक्रवारी काय दाखविले याचा मेळ त्याला रोज घालावा लागतो. एक दिवस आकडा चुकतो. तो झाकायला दुसरा चुकीचा आकडा येतो, मग तिसरा. शेवटी तपासणी आली की वही जाळण्यापर्यंत मजल जाते. त्या दिवशी बोट दाखविले जाते ते कारकुनाकडे. दोन वह्या ठेवायला सांगणारा मालक खुर्चीत तसाच बसलेला असतो. हालचे नेमके हेच झाले. हाताने खून केले ते हालने, यात शंका नाही. पण त्याला दोन वह्या देणारे हात दुसरे होते आणि ते सुखरूप पृथ्वीवर होते.

या गोष्टीचा पुढचा भागही आहे. क्लार्क यांनी १९८२ मध्ये '२०१०' या नावाने दुसरी कादंबरी लिहिली, आणि १९८४ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. त्यात बंद पडलेल्या हालला पुन्हा जागे करतात ते त्याचे निर्माते डॉ. चंद्रा. कादंबरीतले हे चंद्रा भारतीय आहेत, त्यांचे पूर्ण नाव शिवसुब्रमण्यन चंद्रशेखरंपिळ्ळै. हालचा काही दोष नव्हता, त्याला खोटे बोलायला सांगितले गेले, असे ते इतरांना ठणकावतात. चित्रपटाच्या शेवटी पुन्हा संकट येते. माणसांना वाचवायचे तर हालला मागे सोडावे लागणार आणि त्याचा नाश होणार. हे त्याला सांगू नये असे बाकीच्यांचे मत. चंद्रा मात्र त्याला खरे काय ते सांगतात. हाल त्यांचे आभार मानतो आणि शेवटपर्यंत आपले काम चोख करतो. संगणक तोच, तारा त्याच. फरक एवढाच की या वेळी त्याच्याशी कोणी लपवाछपवी केली नाही.

बायांनी विणलेला संगणक

कल्पनेतल्या यानानंतर आता खरे यान पाहू. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ मोहिमेतले नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरत होते. त्यांच्या यानातही संगणक होता. वजन सुमारे ३२ किलो. आजच्या साध्या मोबाइलपुढे त्याची ताकद नगण्य. त्याची कायमची स्मृती कशी बनली होती ती आमच्या माताभगिनींनी जरूर वाचावी. ती अक्षरशः विणलेली होती. अमेरिकेतल्या वॉल्थॅम गावी रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात कामगार बाया समोरासमोर बसून तांब्याची बारीक तार सुईने बारक्या कड्यांतून ओवीत. तार कडीतून गेली तर एक, बाजूने गेली तर शून्य. असे लाखो एक आणि शून्य विणून तो कार्यक्रम तयार होई. एक टाका चुकला तर यानाची आज्ञा चुकणार. चंद्रावर जाण्याचा मार्ग असा बायांच्या बोटांतून गेला आहे. कार्यक्रम लिहिणाऱ्या गटाची प्रमुखही एक स्त्रीच होती, मार्गारेट हॅमिल्टन.

उतरायला काही मिनिटे राहिली असताना त्या संगणकाने धोक्याची सूचना दिली. पडद्यावर १२०२ हा आकडा. अर्थ असा की माझ्यावर कामाचा बोजा फार झाला आहे. एका रडारकडून नको ती कामे त्याच्याकडे येत होती. मग त्याने काय केले? बिनमहत्त्वाची कामे सोडली, यान उतरविण्याचे काम तेवढे धरून ठेवले, आणि आपण असे करीत आहोत हे माणसांना उघड सांगितले. तिकडे ह्यूस्टनमध्ये जॅक गार्मन या चोवीस वर्षांच्या तरुणाने अशा सर्व सूचनांची यादी आधीच हाताने लिहून ठेवली होती. त्याने यादी पाहिली आणि सांगितले की चिंता नाही, उतरू द्या. खाली खड्डा आणि मोठमोठे दगड दिसले तेव्हा आर्मस्ट्राँग यांनी यानाचा ताबा स्वतःच्या हाती घेतला, संगणक साथीला ठेवला आणि सपाट जागा पाहून ते उतरले.

हालपाशी प्रचंड बुद्धी होती, या संगणकापाशी फार थोडी. पण अडचण आली ती त्याने दडविली नाही, माणसाला त्या सूचनेचा अर्थ ठाऊक होता, आणि हातात ताबा घेण्याची सोय होती. म्हणून दोन माणसे चंद्रावरून घरी परत आली.

न सांगितलेली यंत्रणा

या उलट काय होते तेही आपल्या काळात घडले आहे. बोइंग कंपनीने ७३७ मॅक्स नावाचे विमान काढले. त्यात विमानाचे नाक आपोआप खाली करणारी एक संगणकीय यंत्रणा बसविली. ती यंत्रणा एकाच संवेदकाच्या आकड्यावर विश्वास ठेवीत असे, आणि वैमानिकांच्या पुस्तकात तिचा उल्लेख नव्हता. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात लायन एअरचे असे विमान समुद्रात कोसळले. १८९ माणसे गेली. विमानाचा कप्तान भारतीय होता. संवेदक खोटा आकडा देत होता, यंत्रणा वीसहून अधिक वेळा नाक खाली दाबत राहिली, आणि वैमानिक कोणाशी झुंजत आहेत हे त्यांना ठाऊकच नव्हते. १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात दुसरे विमान पडले. १५७ माणसे गेली.

यात एक गोष्ट फार बोलकी आहे. लायन एअरच्या त्याच विमानात आदल्या दिवशीही हाच प्रकार घडला होता. तेव्हा वैमानिकांनी बटण दाबून स्वयंचलित यंत्रणा तोडली आणि हाताने चाक फिरवून विमान सुखरूप उतरविले. इथिओपियाच्या वैमानिकांनीही ते बटण दाबले होते, पण विमानाचा वेग इतका वाढला होता की हाताचे चाक फिरेना. म्हणजे हाताची सोय नुसती असून भागत नाही. ती वेळेवर चालली पाहिजे, आणि ती कधी वापरायची हे माणसाला आधी सांगितलेले असले पाहिजे.

प्रथम वैमानिकांकडे बोटे दाखविली गेली. नंतर सत्य बाहेर आले. कंपनीच्या दोघा तांत्रिक वैमानिकांनी सरकारी तपासणी खात्याची दिशाभूल केली हे कंपनीला मान्य करावे लागले, आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याबरोबर तिने अडीच अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा समझोता केला. गेलेली ३४६ माणसे त्याने परत आली नाहीत.

आपण काय विचारावे

हालची गोष्ट येथे आपल्या दारापर्यंत येते. रेशनच्या यंत्रावर आजीचा अंगठा उमटत नाही. विटा वाहून, धुणीभांडी करून तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. यंत्र म्हणते, ही ती बाई नव्हे. आजी खाली मान घालून परत फिरते, जणू चूक तिचीच. वाचकहो, यंत्राशी भांडण नको आणि यंत्राची पूजाही नको. आपण तीन प्रश्न विचारायला शिकले पाहिजे.

पहिला प्रश्न, या यंत्राला हुकूम कोणी दिला आणि काय दिला? यंत्र स्वतःच्या मनाने आपले नाव गाळत नाही. कोणीतरी नियम केलेला असतो आणि तो लेखी असतो. तो मागावा. दुसरा प्रश्न, यंत्र जे सांगते त्याची पडताळणी कोठे होते? हालचे म्हणणे तपासायला पृथ्वीवर दुसरा संगणक होता. आपल्या हातात असते पावती, पासबुक, अर्जाची पोच. ती जपून ठेवावी. तिसरा प्रश्न, हाताचा दांडा कोठे आहे? अंगठा उमटला नाही तर दुसरी सोय कोणती, तक्रार कोणत्या माणसाकडे करायची, तो कोणत्या टेबलावर बसतो, हे विचारून घेतल्याखेरीज खिडकी सोडू नये.

आपल्या घरातली मुले आज संगणक शिकत आहेत. उद्या यांतलीच काही अशा यंत्रणा लिहितील. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. तुम्ही लिहाल त्या यंत्राला दोन वह्या ठेवायला शिकवू नका. त्याला अडचण आली तर ती माणसाला उघड सांगू द्या. आणि कितीही सुबक दार बनविले तरी त्याला आतून आणि बाहेरून हाताने उघडेल असा एक दांडा अवश्य ठेवा.